गणवेश वाढत्या अंगाचा चालतो, सायकल नाही

परवा आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत सायकल वाटपाचा कार्यक्रम होता. बातमीसाठी गेलो होतो. मंडप, हारतुरे, पाऊण तास सत्कार, दीड तास भाषणं. शेवटी मुलींना नव्याकोऱ्या सायकली हातात देऊन रांगेत उभं केलं, मान्यवर मागे उभे राहिले, फोटो झाला. तोच फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मीच पाठवला होता.

फोटोत जे आलं नाही ते सांगायला ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

कार्यक्रम संपल्यावर गेटजवळ आठवीतली एक मुलगी सायकलवर बसायचा प्रयत्न करत होती. उंची असेल साडेचार फूट. सीट तिच्या कमरेच्याही वर. एक पाय पायडलवर ठेवून तिने दोनदा झोका घेतला, दोनदा खाली उतरली. तिसऱ्यांदा सीटवर न बसता उभ्यानेच चार-पाच पायडल मारले. ब्रेक दाबायला गेली तर बोटं मुठीपर्यंत पुरेनात, आणि सायकल सरळ गेटच्या खांबाला. लागलं नाही, पण ओशाळली बिचारी. वडील आले, सायकल हातात धरली आणि बापलेक पायी निघाले. घर चार किलोमीटरवर.

मी म्हटलं, "दादा, सायकल मोठी होतेय तिला. बदलून मागा ना."

ते म्हणाले, "राहू द्या साहेब. वाढत्या अंगाची पोरगी आहे, दोन वर्षांत पुरतील पाय."

शेजारी उभे असलेले एक पुढारी हसत म्हणाले, "धर्माची गाय, दात काय बघता पत्रकारसाहेब?"

ही दोन वाक्यं चार दिवस डोक्यातून जात नाहीयेत. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्ही आपण सगळेच बोलतो.

आधी "वाढत्या अंगाची" हे घ्या. आपल्याकडे गणवेश वाढत्या अंगाचा शिवायची पद्धत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. बाही दुमडता येते, आत टीप मारता येते, पुढच्या वर्षी ती उसवता येते. सायकलच्या फ्रेमला टीप मारता येत नाही. सीट थोडी वर-खाली होते, हँडल थोडंफार होतं. पण फ्रेम किती उंच आणि सीटपासून हँडल किती लांब, हे कारखान्यात ठरलं ते ठरलं. सैल सदरा घालून मुलगी शाळेत जाऊ शकते. मोठ्या सायकलवर बसून ती रस्त्यावर पडू शकते.

आता "धर्माची गाय". ही गाय धर्माची नाहीच. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी ३,५०० रुपये मिळायचे, २०२२ मध्ये ते ५,००० झाले. हा तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे आणि त्या मुलीचा हक्क आहे. कुणाच्या खिशातलं दान नाही. त्यामुळे दात मोजायचा अधिकार तिला आहे, तिच्या बापाला आहे, आणि पत्रकार म्हणून मलाही आहे.

यातली खरी गंमत बघा. ही योजना वस्तू देत नाही, पैसे देते. पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात आणि सायकल घेतल्याची पावती द्यावी लागते. म्हणजे कागदावर बघितलं तर प्रत्येक मुलीने दुकानात जावं, बसून बघावं, आपल्या मापाची घ्यावी, इतकी मोकळीक सरकारने दिलेली आहे. प्रत्यक्षात काय होतं? पावत्यांची घाई असते. कुणीतरी म्हणतं, सगळ्यांची एकदम घेऊ, स्वस्त पडेल. पालक हो म्हणतात, कारण शहरात जाऊन सायकल आणायची तर एक दिवसाची मजुरी बुडते. मग एकाच दुकानातून टेम्पो भरून एकाच मापाच्या सायकली येतात. रंगसुद्धा एकच. आठवीच्या एकाच बाकावर साडेचार फुटांची मुलगी आणि सव्वापाच फुटांची मुलगी बसलेली असते. दोघींना सायकल मात्र सारखीच.

मी पाहिलेल्या वाटपाच्या याद्यांत मुलीचं नाव होतं, खातं होतं, पावती नंबर होता. मापाचा रकाना कुठेच नव्हता.

हे माप म्हणजे नेमकं काय, ते विचारायला मी बसस्थानकासमोरच्या चाचांकडे गेलो. तालुक्यातल्या निम्म्या सायकली त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. ते म्हणाले, "लोक येतात आणि म्हणतात, सव्वीसची द्या. अरे, सव्वीस चाकाचं माप आहे. तुम्ही चाकावर बसणार की सीटवर?"

इथेच बहुतेकांची गफलत होते. पूर्वी आपल्या घरच्या काळ्या सायकलीला आपण "बावीस इंची", "चोवीस इंची" म्हणायचो, तेव्हा ते माप फ्रेमचं असायचं. चाक दोन्हींना अठ्ठावीसचंच. आज दुकानदार "चोवीसची", "सव्वीसची" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा चाकाचा आकार सांगतो. इंच तोच, पण मोजलेली वस्तू वेगळी. आजोबांची चोवीस इंची उंच माणसाला लागायची आणि आजची चोवीसची लहान मुलांना लागते, त्याचं कारण हेच. आणि एकाच सव्वीसच्या चाकावर लहान-मोठ्या फ्रेम येतात. म्हणून नुसतं "सव्वीसची" म्हटल्याने काहीच ठरत नाही.

ढोबळ अंदाज हवाच असेल तर, साडेचार ते पाच फुटांच्या दरम्यान उंची असेल तर चोवीसचं चाक आणि पाच फुटांच्या पुढे सव्वीसचं. पण हा अंदाजच. दोन माणसांची उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड लांब असतं. सायकलला तुमची उंची दिसत नाही, तिला पाय आणि हात कळतात.

म्हणून माप पायाचं घ्यायचं. घरच्या घरी होतं, पाच मिनिटांचं काम आहे. मुलीचं माप आईने किंवा शाळेत बाईंनी घ्यावं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत थोडंसं अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये आडवं धरून वर सरकवायचं, सीटवर बसल्यासारखं घट्ट लागेपर्यंत. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे लागते तिथे पेन्सिलची खूण. खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची आतली लांबी.

या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची मिळते. जिथे पायडलच्या दांड्या फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत मोजायचं. फ्रान्समधली जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. उदाहरण सांगतो. आतली लांबी ६८ सेंटिमीटर असेल तर सीट साधारण ६० सेंटिमीटरवर. ७६ असेल तर ६७ वर. एकाच वर्गातल्या दोन मुलींत सात सेंटिमीटरचा म्हणजे जवळपास तीन इंचांचा फरक इथेच पडला.

पण हे गणित शर्यतीच्या माणसाचं आहे. आपल्या लेकरांना पाठीवर दप्तर, समोरून उसाचे ट्रॅक्टर आणि बाजूला काळ्या मातीचा चिखल असतो. त्यांची सीट दोन-तीन सेंटिमीटर खालीच ठेवा, म्हणजे थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात. नवशिकी असेल तर सुरुवातीला पूर्ण पाऊल टेकू द्या. भीती गेली की हळूहळू वर घ्या.

गुणाकार नको असेल तर चाचांची पद्धत. सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघा आपोआप थोडा वाकतो. झालं. टाच पुरतच नसेल तर सीट खाली घ्या. सीट पार तळाला बसवूनही पुरत नसेल, तर सायकल मोठी आहे. दुकानातून निघा.

आणखी तीन गोष्टी बघायच्या. मधली आडवी नळी असलेली सायकल असेल तर ती दोन्ही पायांत घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर नळी आणि अंग यांत एक-दोन इंच जागा हवी. लेडीज सायकलला ती नळी नसते म्हणून "कुठलीही चालते" असं दुकानदार म्हणतात, ते खरं नाही, कारण पुढच्या दोन गोष्टी तिलाही लागू आहेत. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. हात ताठ होत असतील तर हँडल लांब आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. मूठ धरलेली असताना बोटं ब्रेकपर्यंत सहज पोहोचली पाहिजेत. त्या दिवशी गेटवर हेच झालं नव्हतं. खांब होता म्हणून बरं. खांबाच्या जागी हायवा असता तर मी त्या मुलीची वेगळी बातमी लिहीत असतो.

कुणी म्हणेल, एवढ्याशा इंच-दोन इंचांनी काय होतं? हिशोब करा. साध्या सायकलला पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण पाच मीटर जाते. चार किलोमीटरला आठशे फेरे. जाऊन-येऊन सोळाशे. म्हणजे गुडघा दिवसाला सोळाशे वेळा वाकतो. सीट फार खाली असेल तर ताण गुडघ्याच्या पुढच्या बाजूला येतो, फार वर असेल तर मागच्या बाजूला, आणि पाय पुरवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे हलत राहते. हँडल लांब असेल तर मान, पाठ आणि मनगटं धरतात. मुलगी आईला सांगते, "पाय दुखतात." आई म्हणते, "नवीन आहे, सवय होईल." सवय होत नाही. महिन्याभराने ती सायकल ओट्यावर उभी राहते. मग आपणच म्हणतो, "फुकट मिळालं की किंमत नसते यांना."

आता माझ्या वयाच्या मित्रांचं ठरलेलं वाक्य. "आम्ही पण नळीत पाय घालून हाफ पायडल शिकलोच की! काय झालं आम्हाला?"

मीही तसाच शिकलो. वडिलांची चोवीस इंची होती, नळी माझ्या छातीला लागायची. आधी हाफ पायडल, मग नळीवर, मग दोन वर्षांनी सीटवर. गुडघ्यावरची खूण अजून आहे. त्या आठवणीचं मलाही कौतुक आहे. पण खरं सांगा, आपण ती सायकल कुठे चालवत होतो? संध्याकाळी, शाळेच्या मैदानावर, मौजेसाठी. पडलो तर मित्र हसायचे. नाही जमलं तर उद्या. त्या मुलीला मात्र रोज सकाळी साडेनऊला निघून पहिल्या तासाला पोहोचायचं आहे, दप्तरासह, राज्यमार्गाच्या कडेने. आणि आपण मुलगे होतो. भर चौकात पडल्यावर चौदा वर्षांच्या मुलीकडे लोक कसं बघतात, आणि त्यानंतर घरचे तिला परत सायकल घेऊन पाठवतात का, हेही जरा आठवा.

सायकल मुलीसाठी किती मोठी गोष्ट आहे याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की माध्यमिक शाळेतली मुलींची नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. आणि ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथे फरक जास्त पडला.

म्हणजे ही योजना नाटकी नाही. ती चालते. म्हणूनच राग येतो. पाच हजार रुपये खर्चायचे, एवढा कार्यक्रम करायचा आणि शेवटच्या दोन इंचांसाठी सगळं ओट्यावर उभं करून ठेवायचं, हा कसला हिशोब?

सगळा दोष शाळांवर ढकलणार नाही. गुरुजींच्या मागे आधीच जनगणना, निवडणूक, पोषण आहार, सतरा ॲप आहेत. दुकानदारालाही एकाच मापाचा माल उचलला की भाव बरा मिळतो. पालकांना तर मापाचं कुणी कधी सांगितलेलंच नाही. आणि आम्ही पत्रकार? आम्ही आजवर किती सायकली वाटल्या एवढंच छापलं. किती चालतात, हे विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

म्हणून माझ्या चार साध्या मागण्या आहेत. एकीलाही वेगळा निधी लागत नाही.

एक, लाभार्थी मुलींच्या यादीत उंची आणि पायाची आतली लांबी असे दोन रकाने वाढवा. बाई आणि मोजपट्टी, एका वर्गाला एक तास.

दोन, सायकली एकत्र घ्यायच्याच असतील तर खुशाल घ्या, पण कमीत कमी तीन मापांत घ्या. दुकानदाराला आधी सांगितलं तर त्याला काही अडचण नाही. चाचांनीच सांगितलं हे.

तीन, वाटपाच्या दिवशी मंडपात एक मिस्त्री पाना घेऊन बसवा. प्रत्येक मुलीला बसवून सीट, हँडल, ब्रेक लावून द्या. एका सायकलला पाच मिनिटं. सत्काराचे दोन हार कमी केले तर मिस्त्रीची मजुरी निघते. सीट वर घेताना नळीवरची शेवटची खूण बाहेर येऊ देऊ नका, हेही मुलींना तिथेच दाखवून द्या. पुढे वर्षभरात मुलगी वाढली की ती स्वतः सीट वर घेईल.

चार, पंधरा दिवसांत बदलून मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.

आणि पालकहो, तुमच्यासाठी एकच. सायकल आजच्या मापाची घ्या. आज टाच पुरली पाहिजे आणि सीट वर घ्यायला नळी शिल्लक असली पाहिजे. वाढत्या अंगाची सोय त्या शिल्लक नळीत आहे, मोठ्या फ्रेममध्ये नाही. आणि आधी लेकीला बसवा, मग पावती फाडा. उलटं नको.

काल त्या मुलीच्या गावाकडून येत होतो, म्हणून घरी डोकावलो. सायकल ओट्यावर होती. नळीवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, हँडलला कुणीतरी पिशवी अडकवली आहे. सीट तळापर्यंत खाली घेतली, तरी टाच पुरत नाही. मुलगी मैत्रिणींसोबत पायी शाळेत जाते. वडिलांना विचारून दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, चोवीसची देतो, पण कंपनी वेगळी असेल आणि तीनशे रुपये वर लागतील. वडिलांनी मान हलवली. सोमवारी बदलायला जातोय. चाचाही येतो म्हणालेत, पाना घेऊन.

एका मुलीचं होईल. तालुक्यातल्या बाकीच्या ओट्यांवर किती उभ्या आहेत, ते तुम्हाला माहीत असेल तर मला कळवा. आणि ही पोस्ट तुमच्या गावच्या मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचवा. पुढचं वाटप जवळ आलंय.